मृत्यूच्या दाखल्यावरची तिसरी ओळ

लुईस अल्बर्टो उरेआ यांच्या ‘द डेव्हिल्स हायवे’ या पुस्तकात माणूस उन्हानं कसा मरतो हे सांगणारं एक प्रकरण आहे. उरेआ ते पायरीपायरीनं सांगतात. आधी भरपूर घाम आणि थकवा. मग पोटऱ्यांत गोळे, भोवळ, मळमळ. मग घाम आटतो, कातडी कोरडी पडून तापते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, अंगावरचे कपडे काढून फेकतो. शेवटी मेंदू, यकृत, मूत्रपिंडं एकामागून एक काम थांबवतात. मी उमेदीची सगळी वर्षं चंद्रपूरला फिजिशियन म्हणून काढली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेल्या बाया, वीटभट्टीवरचे मजूर, कोळसाखाणीतून पाळी संपवून निघालेली पोरं, पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी माणसं असे पेशंट आमच्या उष्माघात कक्षात येत. आणणारे एवढंच म्हणत, ‘मॅडम, ऊन लागलं.’ काखेत आणि जांघेत बर्फ, अंगावर ओल्या चादरी, समोर पंखा, शिरेतून सलाईन, आणि सगळ्यांचे डोळे लघवीच्या पिशवीकडे. लघवी गडद तपकिरी येऊ लागली की समजायचं, स्नायू विरघळताहेत आणि आता मूत्रपिंडांचं काही खरं नाही.

त्यामुळे ते प्रकरण मी डॉक्टरच्या नजरेनं, सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचलं. वैद्यकाच्या बाजूनं खोट काढावी असं त्यात मला काही दिसलं नाही. पण पुस्तकानं मला ज्या प्रश्नापाशी आणून सोडलं तो उपचाराचा नव्हता. पुस्तकातल्या माणसांच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून काय लिहायचं, हा तो प्रश्न होता.

पुस्तकातली घटना मे २००१ ची आहे. २६ पुरुष, त्यांतले बहुतेक मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ राज्यातले, १९ मे रोजी सोनोरा राज्यातून सीमा ओलांडून अमेरिकेच्या ॲरिझोनात शिरले. वाट दाखवणारा मुख्य माणूस जेमतेम विशीचा पोरगा. चालणं थोडंच आहे, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पहिल्याच रात्री ते वाट चुकले आणि डोंगररांगांमधल्या अशा खोऱ्यांत शिरले, की जिथून सगळ्यात जवळचा डांबरी रस्ता गाठायलाही दिवसच्या दिवस लागावेत. बरोबरचं पाणी संपलं. निवडुंग फोडून चोखले, स्वतःची लघवी प्यायले. वाटाड्यांनी गटाकडून डॉलर गोळा केले, पाणी घेऊन येतो म्हणून सांगितलं आणि ते निघून गेले. त्यांच्यातला एक स्वतःच वाटेत मेला आणि तो मुख्य पोरगा मरणाच्या दारात सापडला. २३ मे रोजी वेलटनच्या चौकीचा एक सीमा पोलीस नेहमीच्या गस्तीवर असताना त्याला काही माणसं झोकांड्या खात येताना दिसली. मग हेलिकॉप्टरं, सलाईन, युमाचं रुग्णालय. १४ जण दगावले, १२ वाचले. मेलेल्यांत एक बाप आणि त्याचा शाळकरी वयाचा मुलगा होता. एका उन्हाळ्यात कमवून घरावर चांगलं छप्पर घालायचं, एवढ्यासाठी बाप निघाला होता आणि मदतीला त्यानं पोराला घेतलं होतं.

पुढे त्या वाटाड्या पोराला १६ वर्षांची शिक्षा झाली. त्यानं माणसांना फसवलं, पैसे घेऊन सोडून दिलं. शिक्षा रास्त होती. तेवढ्यावर कारणाचा शोध संपला असं मात्र मला म्हणता येत नाही.

आपल्याकडे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं जे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात त्यात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीवर तात्कालिक कारण. दुसऱ्या ओळीवर ते कशामुळे झालं. तिसऱ्या ओळीवर तेही कशामुळे झालं, म्हणजे ज्याच्यापासून साखळी सुरू झाली ते मूळ कारण. शिकाऊ डॉक्टर पहिल्या ओळीवर ‘हृदयक्रिया बंद पडणे’ लिहून मोकळे होतात आणि मी त्यांना दर वर्षी तेच सांगत आले, की हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, त्यानं कुणाला काही कळत नाही. जगभर आकडेवारीत मोजली जाते ती खालची ओळ. कारण पुढचा मृत्यू टाळायचा तर हात तिथेच घालावा लागतो. ॲरिझोनात वाळवंटात सापडलेल्या प्रेताचा दाखला भरताना कारण ‘अतिउष्णता’ आणि प्रकार ‘अपघात’ असा लिहिला जातो. ते लिहिणाऱ्या शवचिकित्सकांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर देह असतो आणि त्या देहात दुसरं काही सापडत नाही. पण बाकीच्यांनी, म्हणजे वाचणाऱ्यांनी आणि मतं बनवणाऱ्यांनी, खालची ओळ कोरी ठेवून कसं चालेल?

ती ओळ भरायची तर १९९४ सालात जावं लागतं.

तोवर मेक्सिकोतून अमेरिकेत बिनकागदाचे जाणारे लोक बहुतेक शहरांतून जात. तिहुआनाहून सॅन दिएगोत, सिउदाद हुआरेसहून एल पासोत. कुंपणाच्या भोकातून किंवा नदीतून, तासा-दोन तासांचं काम. पकडले तर परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. १९९३ मध्ये एल पासोला आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये सॅन दिएगोला मोठ्या मोहिमा सुरू झाल्या. पोलीस वाढले, दिवे लागले. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले, विमानं उतरवायला जमिनीवर अंथरायचे पोलादी पत्रे उभे करून भिंत झाली. सीमा पोलिसांचा त्या वर्षीचा आराखडा उघड आहे, कुणीही वाचावा. शहरांतल्या वाटा बंद केल्या की लोकांचा ओघ दुर्गम, खडतर भागाकडे वळेल आणि तिथली खडतरता त्यांना परावृत्त करेल, असा त्याचा हिशेब आहे. अशा भागातून जाणाऱ्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो, याचीही नोंद त्याच कागदात आहे. त्या वेळी अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या प्रमुख असलेल्या डोरिस माइस्नर यांनी पुढे पत्रकारांना सांगितलं, की भूगोल आपल्या मदतीला येईल असं आम्हाला खरंच वाटलं होतं.

भूगोल मदतीला आला, पण लोक परावृत्त झाले नाहीत. ते वाळवंटातून चालू लागले.

आणि चालू लागले त्यालाही कारण होतं. १९९४ च्याच १ जानेवारीला उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत येऊ लागला. मका हे तिथल्या लहान शेतकऱ्याचं पीक आणि रोजचं अन्नही. व्हेराक्रूझच्या डोंगरउतारांवर कॉफी होते. कॉफीचे भाव सांभाळणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये मोडला, व्हिएतनामनं प्रचंड लागवड केली आणि २००१ च्या सुमाराला भाव कित्येक दशकांच्या तळाला गेले. आपल्या कापसाच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यात ज्यांनी भाव पडल्यावरचं घर पाहिलं आहे त्यांना यापुढचं सांगायला नको. उरेआ लिहितात ते असं: गावात एक गोड बोलणारा माणूस येतो, त्याच्या गळ्यात सोनं असतं, तो प्रवासाचे पैसे व्याजानं उसने द्यायला तयार असतो. निघायच्या आधीच माणूस कर्जात, आणि कर्ज असलं की अर्ध्या वाटेवरून परतताही येत नाही. वाळवंटात वाट चुकल्यावरही ते मागे का फिरले नाहीत, या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं.

आता पाण्याचा हिशेब. हा मला कुणी सांगावा लागत नाही. चाळिशीच्या वर तापमान असताना चालणाऱ्या माणसाला तासाला एक लिटरच्या आसपास घाम येतो, ओझं असेल तर जास्त. दिवसा चालला तर दहा लिटर सहज जातात. त्या लोकांकडे असतात पावणेचार लिटरचे, म्हणजे तिकडच्या मापानं एक गॅलनचे प्लॅस्टिकचे कॅन. दोन कॅन म्हणजे साडेसात लिटर, साडेसात किलो. चार दिवसांच्या चालीला चाळीस लिटर लागतील. चाळीस किलो पाणी पाठीवर घेऊन खडकाळ वाळवंटात कोण चालेल? त्या ओझ्यानंच आणखी घाम येईल. म्हणजे किती धट्टाकट्टा असो, कितीही तयारीनं निघालेला असो, लागणारं पाणी तो स्वतः नेऊ शकत नाही. ‘धोका माहीत असूनही गेले’ हे वाक्य मी फार ऐकते. धोका माहीत होता म्हणावा तर तो पेलण्यासारखा होता का, हेही पाहा. त्यांना जे चालणं सांगितलं होतं त्याला दोन कॅन पुरले असते. जे प्रत्यक्षात चालावं लागलं त्याला कुठलीही तयारी पुरली नसती.

ते ज्या मुलखात भरकटले तिथल्या जुन्या वाटेला स्पॅनिशमध्ये ‘एल कामिनो देल दिआब्लो’ म्हणतात, सैतानाची वाट. १८४९ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या ओढीनं गेलेले लोक तिच्यावर तहानेनं मेले, त्यांची थडगी अजून आहेत. आसपास काबेसा प्रिएटा नावाचं वन्यजीव आश्रयस्थान आहे, हवाई दलाचं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान आहे आणि पूर्वेला तोहोनो ओओधम या आदिवासींचा राखीव प्रदेश. १८५४ च्या खरेदीखतानं अमेरिकेनं हा मुलूख मेक्सिकोकडून घेतला आणि ओओधमांच्या भूमीतून मधोमध रेघ गेली. ते लोक तिथे हजारो वर्षं राहतात. पाणी कुठे साचतं, कोणत्या महिन्यात कुठे थांबायचं, दिवसाच्या कोणत्या प्रहरी हलायचं नाही, हे त्यांना ठाऊक. म्हणून ‘वाळवंटानं मारलं’ हे मी मान्य करत नाही. माहीतगार माणूस तिथे जगतो. अनोळखी माणसाला कमी पाण्यानिशी, भर उन्हाळ्यात, पकडलं जाण्याच्या भीतीनं रस्ता टाळत तिथून चालायला लागलं की तो मरतो. यातली एकही अट वाळवंटानं घातलेली नाही.

उरेआ यांचा बाप मेक्सिकन, आई अमेरिकन, जन्म तिहुआनाचा. अशा माणसानं सीमा पोलिसांना खलनायक करून टाकलं असतं तर नवल वाटलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही आणि म्हणून मी पुस्तकावर विश्वास ठेवला. वेलटनच्या चौकीतली माणसं त्यात जिवंत होऊन येतात. साखळीला बांधलेले टायर गाडीमागून ओढत ते मातीचा रस्ता गुळगुळीत करतात, म्हणजे नंतर कुणी ओलांडला तर पावलं उमटतील. त्या पावलांवरून किती जण गेले, कधी गेले, कोण लंगडतंय हे ते ओळखतात. चालणारे बुटांना फोम बांधतात, शेवटचा माणूस फांदीनं माती सारखी करत जातो. हे सगळं वाचायला रंजक आहे. मग त्या २३ मेला तीच विद्या जीव वाचवायला लागते. ज्या पावलांवरून माणसं पकडायची त्यांच्यावरूनच कोण कुठे भरकटला, कुठे पडला हे शोधत ते पोलीस उन्हात धावतात. पुढे त्यांनी वाळवंटात दिव्यांचे मनोरे उभारले. तहानेनं व्याकूळ माणसानं बटण दाबावं, मदत येईल. म्हणजे टाळता येतं, हे त्यांनीच दाखवून दिलं.

आमच्या देशातही ते दाखवून झालं आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णता कृती आराखडा आणला: आधी इशारा, कामाच्या वेळा बदलणं, पाण्याची सोय, रुग्णालयात तयारी. नंतर इतर शहरांनी तो उचलला, आमच्या विदर्भातही आला. उन्हानं माणूस मरणं ही देवाची करणी आहे असं आता कुठल्याही जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. म्हटलं तर त्याला जाब विचारला जातो. ॲरिझोनाच्या सीमेवर जाब कुणाला विचारायचा?

मोजदादीचीही तीच गत. अमेरिकेच्या सीमा पोलिसांच्या स्वतःच्या नोंदीनुसार १९९८ पासून दक्षिण सीमेवर आठ हजारांहून अधिक माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संघटनेनं एकट्या २०२२ मध्ये या सीमेवर ६८६ मृत आणि बेपत्ता नोंदवले आणि जमिनीवरची ही जगातली सर्वांत प्राणघातक वाट ठरवली. पण हे नोंद झालेल्यांचे आकडे. जेसन दे लेऑन या मानववंशशास्त्रज्ञानं ‘द लँड ऑफ ओपन ग्रेव्ह्ज’ या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. त्यानं मेलेल्या डुकरांना माणसाचे कपडे घालून त्याच वाळवंटात ठेवलं आणि कॅमेरे लावले. गिधाडं आणि कुत्री आली, थोड्या दिवसांत हाडं आणि कपडे लांबवर विखुरले. वर्णन वाचवत नाही, तरी वाचावं. कारण त्याचा अर्थ असा, की अनेक माणसांचं काहीच उरत नाही आणि त्यांच्या घरी, ओआहाका किंवा ग्वातेमालातल्या कुठल्या गावी, बाई वर्षानुवर्षं फोनची वाट पाहते. कुंकू ठेवायचं की पुसायचं हे न कळलेल्या बायका मी खाणीच्या गावांत पाहिल्या आहेत. तो प्रश्न कुठल्याही भाषेत सारखाच जीवघेणा असावा.

जी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, ती उरेआंच्या पुस्तकानंतरची आहे. याच काबेसा प्रिएटामध्ये पाण्याचे कॅन आणि डबाबंद अन्न ठेवून आलेल्या चार स्वयंसेवक महिलांना जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. गुन्हा काय, तर परवान्याशिवाय आश्रयस्थानात शिरणं आणि तिथे वस्तू टाकून येणं. वर्षभरानं वरच्या न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली, हे खरं. पण खटला चालला, आणि तहानलेल्यासाठी ठेवलेलं पाणी हा त्यातला मुद्देमाल होता. आमच्याकडे चैत्र लागला की चौकाचौकात पाणपोया लागतात. कुणी आईच्या स्मरणार्थ, कुणी पक्षाच्या नावानं, कुणी नुसतं रांजण आणि त्यावर ओलं फडकं. पिणाऱ्याला गाव, जात, कागद कुणी विचारत नाही. कायदा मोडणाऱ्याला पाणी देऊ नये, असा नियम मी कुठल्याही धर्मात किंवा राज्यघटनेत वाचलेला नाही.

हे सगळं परक्यांचं दुःख म्हणून बाजूला ठेवायची सोय आता राहिलेली नाही. जून २०१९ मध्ये याच वाळवंटात, ॲरिझोनातल्या ल्यूकविलपासून पश्चिमेला, भारतातली एक सहा वर्षांची मुलगी मेली. तिचा सातवा वाढदिवस जवळ आला होता. तस्करांनी त्यांच्या गटाला सीमेजवळ सोडून दिलं. आई दुसऱ्या एका बाईबरोबर पाणी शोधायला गेली आणि मुलीला गटातल्या आणखी एका बाईपाशी ठेवून गेली. त्या दिवशी तापमान ४२ अंश होतं. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं जास्त पृष्ठभागाचं असतं, त्यामुळे भोवतालची उष्णता ते मोठ्या माणसाहून लवकर घेतं. आई किती वेळात पाणी घेऊन परतली असती तर मुलगी वाचली असती, याचं गणित मी मनात करून पाहिलं आणि सोडून दिलं.

आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातापायांत बेड्या घालून. त्यांत गुजरातचे आणि हरियाणाचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०. महाराष्ट्राचे तिघे. त्या आठवड्यात आपल्या मराठी गटांमध्ये, माझ्या ओळखीच्या सुशिक्षित घरांमध्ये, जे बोललं गेलं ते ऐकून मला वाईट वाटलं. ‘बेकायदा गेले, आता भोगा.’ ‘यांच्यामुळे आपल्या पोरांचे व्हिसा अडकतात.’ ‘रांगेत उभं राहायला काय होतं?’

माझी स्वतःची मुलगी रांगेत उभी राहून गेली. ती फिनिक्सजवळ चँडलरला असते, चिप बनवणाऱ्या कंपनीत. तिच्या घरापासून ते वाळवंट मोटारीनं दोनेक तासांवर आहे, आणि हे पुस्तकही मी तिथेच, तिच्या गावच्या वाचनालयातून आणून वाचलं. तेव्हा जुलै होता. पहाटे पाचला समोरच्या घराच्या छपरावर खिळे ठोकल्याचा आवाज सुरू व्हायचा. मजूर स्पॅनिश बोलत, गळ्याभोवती ओले पंचे, अकराच्या आत उतरून जात. फिनिक्सच्या मॅरिकोपा जिल्ह्यात २०२३ मध्ये उष्णतेनं ६४५ माणसं दगावली, तीही शहरात, नळ आणि रुग्णालयं हाकेच्या अंतरावर असताना. छपरावरच्या त्या माणसांकडे पाहताना मला व्हेराक्रूझच्या त्या बापाची आठवण होत असे. त्यालाही छप्परच घालायचं होतं.

तर रांगेबद्दल. माझ्या मुलीसाठी रांग होती: पदवीधरांसाठी वर्षाला ८५ हजार तात्पुरते व्हिसा, लॉटरी का होईना. छपरं घालणाऱ्यासाठी कोणती? अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानं अकुशल कामगारांना कायमच्या वास्तव्याचे परवाने वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार ठेवले, तेही सगळ्या जगासाठी. हंगामी बिगरशेती कामाचे व्हिसा ६६ हजार. शेतीसाठीच्या हंगामी व्हिसाला मर्यादा नाही, पण तो मागणारा मालक आधी तिकडे भेटावा लागतो. आणि त्याच देशाच्या कामगार खात्याच्या पाहणीत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी साधारण चाळीस टक्के लोक बिनकागदाचे निघतात. म्हणजे काम आहे, कामाला माणूस हवा आहे, तो येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या हातचं अन्न सगळे खातात. फक्त त्याला आत येण्याचा दरवाजा वाळवंटातून ठेवला आहे. ‘रांगेत उभं राहा’ असं आपण त्याला सांगतो तेव्हा नसलेल्या रांगेत उभं राहायला सांगत असतो.

कुठल्याही देशाला आपली सीमा राखण्याचा हक्क आहे. मी सीमा उघड्या टाका म्हणत नाही. आलेल्याला पकडा, त्याचं म्हणणं ऐका, नियमात बसत नसेल तर सन्मानानं परत पाठवा. तुरुंगवास, दंड, हद्दपारी या शिक्षा कायद्यात लिहिलेल्या असतात. तहानेनं मरण ही कुठल्याही कायद्यात लिहिलेली शिक्षा नाही. ती लिहिता येत नाही, कारण लिहिली तर कोणतीही संसद तिला हात वर करणार नाही. म्हणून ती भूगोलावर सोपवली गेली. दाखल्यावरच्या तिसऱ्या ओळीत मी लिहिलं असतं ते हेच: शहरातल्या वाटा बंद करून माणसांना पाणी नसलेल्या मुलखात वळवणं. आणि ते ठरवलेलं होतं, आपोआप झालेलं नव्हतं.

आपल्या बाजूनं करण्यासारखंही आहे. १९८३ च्या आपल्या स्थलांतर कायद्यात परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या दलालांनी नोंदणी करणं बंधनकारक आहे. पण त्याचा रोख मुख्यतः आखातासारख्या ठरावीक १८ देशांकडे जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुरांवर आहे. पर्यटनाचा व्हिसा काढून मधल्या देशांतून अमेरिकेकडे नेणारा एजंट त्या जाळ्यातून सुटतो. पंजाबनं २०१२ मध्ये माणसांच्या तस्करीविरुद्ध स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्राचे लोक त्या विमानात तिघेच होते म्हणून आपण हा प्रश्न पंजाब-गुजरातचा समजून गप्प बसावं, हे मला पटत नाही. तिघांची गोष्ट नीट ऐकून घेतली असती तर पुढच्या तीसजणांना सावध करता आलं असतं. अजूनही करता येईल. आपल्या गृहखात्यानं आणि वर्तमानपत्रांनीही त्यांच्याकडे आरोपी म्हणून न जाता साक्षीदार म्हणून जावं. किती पैसे घेतले, कुणी घेतले, जमीन गहाण पडली का, कोणकोणत्या देशांतून नेलं, वाटेत कोण मागे राहिलं, चालणं किती तासांचं आहे म्हणून सांगितलं होतं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात किती लिटर पाणी दिलं होतं, हे त्यांना विचारावं आणि लिहून ठेवावं.